खुरपं ठेवा, उकिडवं बसणं सोडा

पत्राचा गोषवारा: वाचक ताई निवृत्त शिक्षिका आहेत, वय ६४, नागपुरात मानेवाडा भागात स्वतःचं घर. घराच्या पुढे-मागे मिळून सहाशे चौरस फुटांची बाग. पुढे गुलाब, मोगरा, तुळस. मागे लिंबू, कढीपत्ता आणि भाजीचे चार वाफे. दोन वर्षांपासून गुडघे दुखतात, डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केली आहे. खुरपं धरलं की उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. रविवारी मुलगी येते, तेव्हा दोघी मिळून सकाळभर निंदण काढतात. यंदा महिनाभर ते राहिलं आणि वाफ्यांत गुडघ्याएवढं गाजर गवत झालं. पुण्याच्या मुलाने उभ्याने तण उपटायचं पायदाबीचं यंत्र आणि हातहत्यारांचा संच पाठवला, पण यंत्र इथल्या मातीत नीट चालत नाही. शेजारचे काका म्हणतात, तणनाशक मारा आणि मोकळ्या व्हा. ताई लिहितात, "माझ्या सासूबाई ७८ व्या वर्षापर्यंत उकिडव्या बसून निंदायच्या. मीच आळशी झाले का? की पेव्हर ब्लॉक लावून बाग बुजवूनच टाकावी? नेमकं कोणतं हत्यार घेऊ?"

ताई,

आधी सासूबाईंबद्दल बोलू. त्या बसून निंदायच्या, हे तुम्हाला लख्ख आठवतं. पण उठताना कशाचा आधार घ्यायच्या, ते आठवतं का? माझी आजी परसात निंदायची. उठायची वेळ झाली की डावा हात जमिनीला, उजवा गुडघ्यावर, मग "विठ्ठला", आणि मग ती उठायची. आम्हा पोरांना ते तिचं नामस्मरण वाटायचं. ते दुखणं होतं, हे मला पन्नाशीनंतर माझ्याच गुडघ्यांनी सांगितलं.

शिवाय त्या पिढीचा जन्म बसण्यात गेला. चूल जमिनीवर, जातं जमिनीवर, धुणं जमिनीवर. तुमची सगळी नोकरी फळ्यासमोर उभं राहण्यात गेली. गुडघा पूर्ण दुमडला की वाटीमागे जो दाब येतो, तो साधं उभं राहण्याच्या कितीतरी पट असतो, आणि झिजलेल्या सांध्याला तो सोसत नाही. डॉक्टरांची मनाई त्यासाठी आहे. यात आळस कुठून आला? तुम्हाला उभ्याने काम करायची सवय आहे, तर निंदणही उभ्याने करू.

हत्यार कोणतं, असं तुम्ही विचारता. मला आधी विचारायचंय, तुम्ही निंदता कधी? रविवारी मुलगी येते तेव्हा, असं पत्रात जाता जाता आलंय. पण मातीला रविवार कळत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात दगड होते, भेगांत हात जाईल एवढी फाटते. पावसात अशी चिकटते की चपलेबरोबर अर्धा किलो घरात येते. या दोन अवस्थांच्या मध्ये, पाऊस उघडल्यावर, एक-दोन दिवस असे मिळतात की माती ओलसर असते पण हाताला लागत नाही. शेतकऱ्याचा वाफसा तो हाच. शेतात डवरा, म्हणजे ओळींतलं तण काढायचं बैलांचं अवजार, चालवायला तो वाफशाची वाट बघतो, आणि आपण परसात मात्र सुट्टीची बघतो.

वाफसा ओळखायला शेतकऱ्याचा डोळा लागत नाही. चार बोटं खालची मूठभर माती घ्या आणि दाबा. तळव्याला लेप बसला तर आज काम नाही. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर लगेच निंदायला घ्या. गोळाच होत नसेल तर झारीने पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी या.

वाफशावर गाजर गवताचं कोवळं रोप दोन बोटांत मुळासकट येतं. तेच आठ दिवसांनी कोरड्यात ओढलं की देठ तुटतो, मूळ आत राहतं आणि सगळी ओढ अंगठ्याच्या बुडाशी बसते. तुमची कळ बरीचशी तिथली असावी, असा माझा अंदाज आहे. तरी तो सांधा एकदा हाडाच्या डॉक्टरांना दाखवाच, कारण झीज किती आहे ते पत्रावरून कुणाला सांगता येत नाही.

मुलाचं यंत्रही तुम्ही चिखलात चालवून बघितलं असणार. चार नखांत मातीचा लोळा अडकतो आणि तो सोडवायला पुन्हा वाकावं लागतं. वाफशावर, एखाददुसऱ्या सोटमूळ असलेल्या झाडाला ते बरं आहे. जून तरोटा, आघाडा अशांना. बारीक तणाचा गालिचा पसरला असेल तर त्याचा काही उपयोग नाही, आणि तुमचा त्रास तर गालिच्याचाच आहे.

हा गालिचा पसरण्याआधीच गाठायचा असतो. चांगला पाऊस झाला की आठवडाभरात वाफ्यावर हिरवी साय धरते. जवळून बघा, एकेका रोपाला दोनच पानं असतात आणि खाली पांढऱ्या दोऱ्यासारखं मूळ. तेव्हा उपटायचं काहीच नसतं, नुसतं खरवडायचं. बोटाच्या एका पेराएवढं, त्याहून खोल नाही, कारण खोल गेलात की खाली निजलेलं बी वर येतं आणि पुढच्या आठवड्यात नवी साय. उन्हाच्या सकाळी खरवडलं तर दुपारी चारपर्यंत सगळं वाळून जातं. ढगाळ दिवशी खरवडलेलं मात्र गोळा करून घ्या, विशेषतः केना. तो आडवा पडला की गाठीगाठीला मुळं सोडून पुन्हा उभा राहतो. पुढच्या जूनमध्ये भाजीचे वाफे पहिल्या पावसाला रिकामेच ठेवा. तण उगवू द्या, खरवडा, आणि मग भेंडी-गवार टोका. निंदणाचा मोठा घास तिथेच कमी होतो.

खरवडायला लांब दांड्याचं हत्यार लागतं. त्याच्या दोन जाती आहेत. एक ढकलायचं, पुढच्या कडेला धार असलेलं. दुसरं घोड्याच्या रिकिबीसारखं, खालच्या पट्टीला दोन्हीकडून धार असलेलं. ते पुढे नेतानाही कापतं आणि ओढतानाही. ढकलायच्या हत्याराने काम करताना माणूस मागे मागे सरकतो, म्हणजे मोकळ्या केलेल्या मातीवर पाय पडत नाही. ऐकायला छान आहे. पण पायाखाली ढेकळं, मागे पाण्याची नळी, आणि आपण साठीच्या पुढे असताना उलटं चालणं मला मुळीच पसंत नाही. तुम्ही रिकिबीवालं घ्या, वाटेवर उभ्या राहा आणि तिथूनच वाफ्यात हात लांबवा. वाफा तीन फुटांहून रुंद असेल तर मधे पोचत नाही. तसं असेल तर पुढच्या हंगामात वाफेच अरुंद करा.

इतवारीत शेतीच्या अवजारांच्या दुकानांत तयार पाती मिळतात. मी मात्र माझं लोहाराकडून करून घेतलं. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पातं, पाच बोटं रुंद. मी मापं सांगितली तर लोहार हसायलाच लागला. "एवढा लांब दांडा काहून बाई? वावर झाडून रायल्या का?" मी म्हटलं, हो भाऊ, झाडायचंच आहे. आणि खरंच ते झाडल्यासारखंच चालतं. कंबर ताठ, दोन्ही हात दांड्यावर, आणि पातं मातीच्या वरच्या थरात पुढे-मागे सरकतंय.

तुम्ही करून घ्याल तेव्हा दोन मापं पक्की ठेवा. दांडा उभा धरला की टोक खांदा आणि हनुवटीच्या मध्ये यायला हवं. तयार हत्यारांचे दांडे बहुतेक वेळा आखूड असतात आणि मग दोष कमरेला देतात. दुसरं माप जाडीचं. मूठ आवळली की अंगठ्याचं टोक मधल्या बोटाला जेमतेम टेकावं. बारीक दांडा घट्ट आवळावा लागतो, आणि अंगठा तिथेच मरतो. बांबू हलका म्हणून उत्तम, फक्त गाठी तासून घ्या. जाडी कमी पडली तर पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणा, लांब पट्टी कापा आणि ताणून गुंडाळा. तुमच्या जुन्या खुरप्याच्या मुठीलाही हेच करा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि मुलाने पाठवलेल्या सगळ्या संचापेक्षा अंगठ्याला त्याचाच उपयोग जास्त होईल, असं मला वाटतं.

आणि धार! विळी बोथट झाली तर आपण लगेच पाजवून आणतो, खुरपं मात्र घेतल्या दिवसापासून तसंच. बोथट पातं तण कापत नाही, ते खेचतं, आणि खेचायचा जोर मनगटातून जातो. एक कानस घ्या. दर वेळी बसण्याआधी एकाच बाजूने आठ-दहा हात मारा.

हो, बसण्याआधी, कारण खुरपं टाकून देऊ नका. गुलाबाच्या बुंध्याशी लांब दांडा नेला की साल सोलली जाते, मिरचीच्या रोपांत तर रोपंच जातात. तिथे खुरपंच हवं. बदलायची ती बसायची उंची. लोक हौसेने वीतभर उंचीचं प्लास्टिकचं स्टूल आणतात. त्यावर गुडघा जवळजवळ तेवढाच दुमडतो आणि उठताना पुन्हा विठ्ठला. साध्या खुर्चीएवढं उंच, शक्यतो हात असलेलं आसन घ्या, आणि पाय मातीत रुतू नयेत म्हणून खाली फळीचे तुकडे टाका. आता खुर्चीवरून मातीला हात पोचणार नाही, म्हणून खुरप्याचा दांडा हातभर लांब करून घ्या. लोहार पुन्हा हसेल. हसू द्या. संचात गुडघे टेकायची गादी आली असेल तर ती मुलीला देऊन टाका, तुमच्यासाठी नाही.

सकाळभर निंदणं मात्र बंद. रोज वीस मिनिटं, आणि मध्ये एकदा हातांची जागा बदलायची, म्हणजे पुढचा हात मागे. मी वरणाचा कुकर मंद आचेवर ठेवून बाहेर येते. शिट्टी ऐकली की हत्यार खाली, मग ओळ अर्धी राहिली तरी. पावसाळ्यात दाट गवतात थेट हात घालायच्या आधी दांड्याने ते हलवून घ्या. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस तिन्ही आहेत.

वर सांगितलेलं सगळं बियांपासून येणाऱ्या तणाला लागू. नागरमोथा आणि हरळी यांचं गणित वेगळं आहे, आणि सगळ्यात जास्त अंगठे यांच्यापायीच दुखावतात. नागरमोथा ओढला की हिरवी पात हातात येते आणि जमिनीखाली गाठींची माळ तशीच राहते. खरवडल्याने तो मरत नाही. पण दर दोन-तीन आठवड्यांनी न चुकता पात छाटत राहिलात तर गाठीतला साठा संपत जातो. त्याला दोन हंगाम द्या. हरळीचे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा रुजतो, तिला पात्याने हात लावू नका. दोघांचाही खरा वैरी आपला मे महिना. पारा ४५ च्या पुढे असतो तेव्हा रिकामा वाफा काटेरी फावड्याने उलटवून गाठी आणि कांड्या उन्हात उघड्या टाकायच्या. हे काम तुम्ही करायचं नाही, पहाटे एक माणूस दोन तासांसाठी लावा. बाकी तणाच्या बियांसाठी त्याच दिवसांत वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी मातीत दाबून चार ते सहा आठवडे ठेवता येतं. नागरमोथ्याला मात्र प्लास्टिकचा धाक नसतो, त्याचं टोक ते भोसकून वर येतं.

गाजर गवताची आपल्या देशातली पहिली ठळक नोंद १९५५ ची, पुण्याची. आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात. एकेका झाडाला हजारो बिया धरतात, म्हणून फूल दिसायच्या आत ते काढायचं, आणि तेही हातमोजे घालून, पूर्ण बाह्यांच्या जुन्या सदऱ्यात. त्याने कातडीला खाज आणि चट्टे येतात, काहींना दम्यासारखा त्रासही होतो. सध्या वाढलेलं गुडघ्याएवढं गवत वाफशावर माणसाकडून काढून घ्या. फुलावर आलेलं असेल तर पोत्यात भरून बाहेर द्या, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. आणि पानांवर पांढुरक्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेले छोटे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका. ते मेक्सिकोतले आहेत, १९८४ च्या सुमारास याच कामासाठी भारतात आणले गेले, आणि गाजर गवताच्या पानांवर जगतात.

शेजारच्या काकांचं काय करायचं? ते सांगतात ते बहुधा ग्लायफोसेट. ते हिरवं दिसेल ते मारतं, त्याला तुळस आणि तण यांतला फरक कळत नाही. तीन फुटांच्या वाटेवरून फवारताना वारा फिरला की गुलाबावर शिंतोडे जाणारच, आणि मग नवे फुटवे बारीक, वेडेवाकडे येतात. मातीतल्या बियांना ते मारत नाही, म्हणजे पुढच्या पावसाला साय पुन्हा हजर. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर फक्त कीड-नियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांमार्फतच करावा असा आदेश काढला होता, हेही काकांच्या कानावर घाला. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना माणसं गेली, ती कीटकनाशकांनी, हे मला माहीत आहे. पण विदर्भात राहून पाठीवरचा पंप ही परसातली किरकोळ गोष्ट आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि शिवाय, तरोट्याची भाजी कुठून खाणार? पहिल्या पावसानंतरची कोवळी पानं, लसूण आणि थोडी डाळ. तुमच्या सासूबाई ती तणातून वेगळी काढून पदरात टाकत असतील. कुंजरू, घोळ, पाथरी, केना, या सगळ्यांना विदर्भात ताटात जागा आहे. तण खाई धन हे शेताला खरं, पण सहाशे फुटांच्या परसात थोडं तण आपण खाल्लं तर बिघडलं काय? तुमच्या पत्रातून मला एक लखलखीत झाडलेलं अंगण दिसतं, एक काडी नसलेलं. असं का हवंय? उघडी काळी माती तापते, फाटते आणि पहिल्या सरीला तणाचंच बी धरते. कुंपणाकडे चार फूट हरळी मुद्दाम राखा. गणपतीला दूर्वा विकत आणता आणि घरची उपटून टाकता, हा व्यवहार मला कधी समजलेला नाही. हरतालिकेच्या पत्रीसाठी आघाड्याचं एक झाड असू द्या, फक्त बी धरण्याआधी तुरे खुडा.

उरलेली माती झाका. चार बोटं जाडीचं आच्छादन असलं की उजेडाअभावी बारीक तण उगवतच नाही, आणि जे येतं ते भुसभुशीत मातीतून सहज निघतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते आणि गल्लीगल्लीत लोक तो पाला पेटवतात. तो पोत्यांनी भरून ठेवा. ओळखीचं कुणी भंडाऱ्याकडचं असेल तर तणस म्हणजे भाताचा पेंढा मागवा, नाहीतर सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसा. कुटारात थोडं बी असतं, म्हणून ते आधी भिजवून, उगवून, उलटवून घ्या. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर उधई म्हणजे वाळवी लागते.

पेव्हर ब्लॉकचा विचार डोक्यात आला, ते त्या दिवशी गुडघा फार दुखत असेल म्हणून, असं मी धरते. लावलेत तरी फटींतून नागरमोथा येणार, आणि तो काढायला उकिडवंच बसावं लागणार.

कामाला बाई लावली की ती तणाबरोबर रोपंही उपटते, अशी तक्रार मला बऱ्याच वाचकांकडून येते. तिला रोपं कोणी दाखवली होती का? पहिल्या दिवशी अर्धा तास बरोबर राहा, ठेवायच्या रोपांशेजारी काड्या रोवा. आणि लांब दांड्याचं हत्यार नि खुर्ची तिलाही द्या. आपल्याकडे निंदणाऱ्या बायांच्या गुडघ्यांचा विचार कुणी करत नाही, आणि त्या तर एका परसातून उठून दुसऱ्या परसात जाऊन बसतात.

तर आत्ता एवढंच करा. ट्यूब आणि कानस आणा, खुरप्याला हातभर दांडा लावून घ्या, आणि माणसाकडून गाजर गवत एकदा साफ करून मिळालं की त्याच दिवशी पाला टाका. रिकिबीवालं पातं सावकाश करून घेतलं तरी चालेल. आणि ते पायदाबीचं यंत्र परत करायची मुदत किती दिवसांची आहे, ते आजच मुलाला विचारा.